छाटणीपासून मिस्टरांच्या मानेवर-चेहऱ्यावर पुरळ, ट्यूब लावली की जातं आणि परत येतं. कुणाला दाखवावं?

उगावची सून

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची थॉमसन द्राक्षाची बाग आहे. बरंचसं काम घरचेच करतो, मजूर अडीनडीला. ऑक्टोबर छाटणीच्या आधी बांधावरचं आणि सरींमधलं गवत काढलं, तेव्हापासून मिस्टरांच्या अंगावर पुरळ यायला लागलं. आधी मानेवर, मग कानामागे, पापण्यांवर आणि कोपराच्या आतल्या घडीत. बारीक लाल पुळ्या येतात, खाजवलं की पाणी सुटतं. मानेची कातडी आता जाड आणि खरखरीत झालीये. सकाळी उठतात तेव्हा पापण्या सुजलेल्या असतात. उन्हात काम केलं की आग होते आणि रात्री झोप नाही.

मधे पेस्टिंग झालं, म्हणजे छाटलेल्या काड्यांना फुटीचं औषध लावलं, आता डाउनीच्या, म्हणजे बुरशीच्या रोगाच्या, फवारण्या चालू आहेत. ढगाळ हवा पडली की फवारणीचा ब्लोअर बाहेर काढावाच लागतो. त्यामुळे आम्ही धरून चाललो की हे औषधाचंच आहे. मेडिकलमधून ट्यूब आणली. ती लावली की एक-दोन दिवसांत चेहरा स्वच्छ होतो, आणि बंद केली की आधीपेक्षा जास्त उठतं. तीच ट्यूब ते जांघेतही लावतात. तिथे उन्हाळ्यापासून गोल चट्टे आहेत, कडेने लाल आणि मधे साफ. आता ते मांडीवर उतरलेत, एक पोटावरही आलाय.

सासूबाई म्हणतात पित्त आहे. शेजारच्या काकू म्हणतात बिब्बा लावा. मिस्टर म्हणतात हंगाम संपला की बघू. आमचा हंगाम संपायला मार्च-एप्रिल उजाडतो, तोवर असं खाजवत कसं काढायचं? नाशिकला जायचं म्हणजे दिवस मोडतो आणि नेमकी त्या दिवशी फवारणी चुकली तर घड जातात, हे त्यांचं म्हणणंही खोटं नाही.

मला एवढंच विचारायचंय की हे कशामुळे असू शकतं, आणि थांबण्यासारखं आहे की लगेच दाखवायला हवं? बाग सोडायला सांगतील अशी त्यांना धास्ती आहे, म्हणूनही टाळतात.

बागायतदार_पिंपळगाव

वहिनी, पेस्टिंगचं म्हणाल तर हायड्रोजन सायनामाइड कातडीला फार वाईट. आमच्याकडे काड्यांना पेस्ट लावणाऱ्या मजुरांची बोटं सोलून निघालेली पाहिली आहेत. फाटका हातमोजा तर नसलेलाच बरा, कारण आत औषध साचून राहतं आणि दिवसभर कातडीला लागतं. रबरी जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि काम संपल्यावर कपडे बांधावरच बदलायचे. आणखी एक गोष्ट बायकांनी घरात ठणकावून सांगावी अशी. पेस्टिंगच्या आदल्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारूला हात लावायचा नाही. त्या औषधावर दारू पडली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. लेबलवर छापलेलं असतं, पण बारीक अक्षरात.

मात्र पेस्टचं असेल तर हातांना आधी व्हायला हवं. तुम्ही पापण्या आणि कानामागचं सांगताय, ते मला वेगळं वाटतंय.

सातपूरची आजी

लाल गांधी उठत असतील तर पित्तच. आमसुलाचं पाणी अंगाला चोळा, थंड पडतं. आमच्या घरात सगळ्यांना त्यानेच उतरतं. बिब्ब्याचं मी सांगणार नाही, पण जुने लोक लावायचे हे खरं.

सिस्टर_नाशिकरोड

ताई, मी निवृत्त स्टाफ नर्स. नोकरीतली बरीच वर्षं स्किन ओपीडीत काढली. मी डॉक्टर नाही आणि पेशंट समोर नाही, तेव्हा निदान डॉक्टरच करतील. पण तुम्ही जागा इतक्या नेमक्या लिहिल्यात की त्यावरून बरंच बोलता येईल.

आधी बिब्बा. कृपा करून लावू नका, उगाळून नाही, तेलात नाही, कसाच नाही. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि ते खाजवलेल्या कातडीवर लागलं तर काळे डाग कितीतरी महिने जात नाहीत. काहींना बिब्ब्याची ॲलर्जी कायमची बसते. पापणीजवळ तर विचारही नको.

सातपूरच्या आजींचं आमसूल निरुपद्रवी आहे, पण हे पित्त वाटत नाही. अंगावर पित्त उठतं तेव्हा गांधी येतात, आणि एक गांध एकाच जागी सहसा दिवसभरसुद्धा टिकत नाही. इथली विरली की तिथे उठते, मागे कातडी कोरी करकरीत. मिस्टरांचं एकाच जागी ठाण मांडून बसलंय, त्यातून पाणी येतं, कातडी जाड झालीये. हा एक्झिमाचा प्रकार वाटतो, म्हणजे कातडीला काहीतरी सोसत नाहीये.

आता काय सोसत नाही, ते पाहू. आमचे डॉक्टर अशा पेशंटला शर्ट काढून उजेडात उभं करायचे आणि सगळ्यात आधी कानामागे बघायचे. मला सुरुवातीला याचं नवल वाटायचं. कारण असं की, नुसत्या उन्हाने होणारं पुरळ कानामागे, हनुवटीखाली, पापणीच्या घडीत जात नाही, तिथे ऊन पोचतच नाही. फवारणीचं औषध सहन होत नसेल, तर हात, मनगटं आणि कपडे भिजतात तिथे जास्त दिसतं. पण हवेतून उडत येणारं काही असेल तर ते पापण्यांवर बसतं, कानामागे बसतं, मानेच्या घडीत आणि कोपराच्या खाचेत घामाबरोबर साचतं. तुम्ही लिहिलेल्या जागा अगदी याच. आणि सुरुवात झाली बांधावरचं गवत काढताना.

म्हणून माझा पहिला संशय गाजर गवतावर आहे. आपण काँग्रेस गवत म्हणतो ते. 1950 च्या दशकात पुण्याकडे त्याची पहिली नोंद झाली आणि आता आपल्या जिल्ह्यात असा बांध नाही जिथे ते नाही. पांढरी बारीक फुलं, गाजरासारखं पान. त्या पानावरच्या लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. गवत वाळलं तरी ते जात नाही, उलट चुरा होऊन वाऱ्यावर उडतं. म्हणून माणूस म्हणतो, मी तर आता गवताला हातही लावत नाही, तरी चेहऱ्यावर येतं कसं? वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एका मोसमात अचानक सुरू होतं, हे ॲलर्जीच्या बाबतीत नेहमीचं आहे. शेवंती आणि सूर्यफूल त्याच कुळातले, त्यामुळे काही पेशंटना शेवंतीच्या हारानेसुद्धा वाढतं. घरात पूजेला शेवंती असेल तर काही दिवस बंद करून बघा.

मात्र औषधांचा संशय सोडून द्या असं मी म्हणत नाही. मॅन्कोझेबसारख्या बुरशीनाशकांचीही ॲलर्जी होते. दोन्ही असू शकतात. ते शोधायला पॅच टेस्ट करतात. पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि त्यानंतर पुन्हा एकदा बघतात. आपल्याकडच्या पॅच टेस्टमध्ये गाजर गवत असतंच. त्याने बाग सोडावी लागत नाही, फक्त नेमकं कशापासून जपायचं ते कळतं. मिस्टरांना एवढं नक्की सांगा.

आता ट्यूब. यावर मी जरा कडक लिहिणार आहे, राग मानू नका, कारण राग तुमच्यावर नाहीच. त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन, सोबत बुरशीचं एक औषध आणि जंतूंचं एक औषध, असं तिन्ही-चारी एकत्र असेल असा माझा अंदाज आहे. पहिलं जे नाव, ते स्टिरॉइड. स्टिरॉइड वाईट नाही. मिस्टरांच्या मानेला कदाचित डॉक्टरही स्टिरॉइडच देतील. पण चेहऱ्याला सौम्य, मानेला त्याहून थोडं वरचं, किती दिवस लावायचं आणि कसं कमी करत आणायचं, हे ठरवून देतील. पापणीवर जोरकस ट्यूब महिनोन्महिने लावली तर डोळ्याच्या आतला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. 2018 पासून असे स्टिरॉइडचे मलम चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे. तरीही ते मिळतात, ही माझ्या मनाला लागलेली गोष्ट आहे.

जांघेतलं मात्र वेगळं आहे. कडेने लाल, मधे साफ, आणि पसरत चाललेलं, हे नायट्याचं वर्णन झालं, गजकर्ण म्हणा. ती बुरशी. स्टिरॉइडने तिची लाली आणि खाज दबते, म्हणून बरं वाटतं, पण आत बुरशीला रान मोकळं मिळतं. मग चट्टे मोठे होतात, पोटावर, कमरेवर जातात, कडा पुसट होतात आणि डॉक्टरांनाही पटकन ओळखता येत नाही. जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे पांढऱ्या रेघा पडतात, त्या कायमच्या. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नायटा इतका चिवट झालाय, त्यामागे या ट्यूबांचा मोठा हात आहे. आता त्याला कित्येक आठवडे गोळ्या आणि मलम घ्यावं लागेल, दिसायचं थांबल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर. टॉवेल, चड्डी, बनियन सगळ्यांचं वेगळं. ओले कपडे अंगावर वाळवायचे नाहीत. घरात आणखी कुणाला असेल तर त्यालाही सोबत न्या, नाहीतर एकाचं बरं होईपर्यंत दुसऱ्याकडून परत येतं.

थांबायचं की दाखवायचं? झोप जाते, चेहऱ्यावर आहे, पापण्या सुजतात, चट्टे पसरतायत आणि ट्यूब सुटत नाही. यातलं एक जरी असतं तरी मी दाखवा म्हटलं असतं. याच आठवड्यात जा, पण मध्यरात्री धावत सुटण्यासारखं हे नाही. स्किनच्या डॉक्टरांकडेच जा. जाताना ती ट्यूब, फवारणीच्या औषधांच्या डब्यांचे फोटो आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. आदल्या दिवशी चेहऱ्याला काही लावू नका. खाज सुटली की थंड पाण्याची ओली घडी ठेवा. कडक पाण्याने अंघोळ नको, साबण चोळणं नको.

आणि धावत सुटण्यासारखं कोणतं, तेही लिहिते. हा धागा दुसरं कुणी वाचेल म्हणून.

पुरळ किंवा गांधींबरोबर ओठ, जीभ, घसा सुजला, श्वास लागला, आवाज बसला, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर 108 ला फोन करा. ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. मधमाशी चावल्यावर, इंजेक्शननंतर, शेंगदाणे किंवा मासे खाल्ल्यावर हे मिनिटांत होऊ शकतं.

दुसरं औषधांचं पुरळ. फिटच्या गोळ्या, युरिक ॲसिडच्या गोळ्या, सल्फाची औषधं, काही वेदनाशामकं. नवीन गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप येतो, डोळे लाल होतात, तोंडात फोड येतात, कातडी नुसती खाजत नाही तर दुखते, आणि मग ती सुटायला लागते. असे पेशंट वॉर्डात मी भाजलेल्या पेशंटसारखे सांभाळले आहेत. काही वाचले नाहीत. जे वाचले त्यातले बरेच लवकर आलेले होते. तोंडात फोड आणि अंगावर पुरळ एकत्र दिसलं की ती गोळी पुढची घेऊ नका आणि त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलला जा, पाकीट सोबत घेऊन.

तिसरं, तापाबरोबर लाल-जांभळे ठिपके. काचेचा ग्लास त्यांवर दाबून बघा. ठिपका फिका पडला नाही, तसाच दिसत राहिला, तर कातडीखाली रक्त उतरलंय. डेंग्यूत होतं, आणि मेंदूच्या आवरणाच्या तापातही होतं, त्यात तास मोजायचे असतात. आपल्याकडे पावसाळ्यानंतर डेंग्यूचे पेशंट असतात, अशा तापात कॉम्बिफ्लाम, ॲस्पिरिनसारख्या गोळ्या घरच्या घरी देऊ नका.

साखरेचा आजार असलेल्या माणसाचा पाय लाल, गरम, दुखरा होऊन लाली वर चढत असेल तर उद्यावर टाकू नका. तान्ह्या बाळाला तापाबरोबर फोड आले तरी तसंच.

उगावची सून

सिस्टर, तुमचे उपकार कसे मानू. आत्ताच ट्यूब पाहिली. क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनाझोल असं लिहिलंय. कानामागे आहे, हनुवटीखालीही आहे, मी बॅटरी लावून नीट बघितलं. छातीवर शर्टाच्या गळ्यात उघडं राहतं तेवढ्याच भागात आहे, खाली पोटापाठीला कोरं, तो एक गोल चट्टा सोडून. बांधावर गाजर गवत कमरेएवढं होतं. उपटून तिथेच ढीग लावलाय, तो आता वाळलाय आणि मिस्टर रोज त्याच्या शेजारून जातात. त्याला काडी लावावी का?

सिस्टर_नाशिकरोड

जाळू नका, उडणारा चुरा आणि धूर दोन्ही त्यांच्याच तोंडावर येईल. दुसऱ्या कुणाकडून, ज्याला त्रास नाही त्याच्याकडून, पहाटे दव असताना ओलं करून खड्ड्यात पुरून घ्या. नाकातोंडाला फडकं, पूर्ण बाह्या आणि हातमोजे त्यालाही हवेत. पुढच्या पावसाळ्यात फुलं यायच्या आधी काढा, म्हणजे परागही नाहीत आणि बीही पडत नाही. मिस्टरांचे शेतातले कपडे घरातल्या कपड्यांत मिसळू नका आणि बांधाकडच्या दोरीवर वाळत घालू नका. संध्याकाळी आले की आधी कोमट पाण्याने अंघोळ, मग मानेला-हाताला साधं पांढरं व्हॅसलिन. निफाडची थंडी उतरली की कातडी आणखी तडकते, तेव्हा हे चुकवू नका.

सुरगाण्याचा मास्तर

विषय निघालाच आहे तर विचारतो. मी आश्रमशाळेत शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं परत आली, त्यातल्या काहींच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुळ्या आहेत. दिवसा खेळतात, रात्री खाजवून रडतात. एकाच्या पुळ्यांत पू झालाय. पालक म्हणतात थंडीमुळे. माझ्याही बेंबीभोवती आता खाज सुरू झाली आहे.

सिस्टर_नाशिकरोड

गुरुजी, रात्रीची खाज, बोटांच्या बेचक्या, एका खोलीत झोपणाऱ्या अनेकांना एकाच वेळी. ही खरूज असण्याची शक्यता फार मोठी आहे. सूक्ष्म किडा असतो, कातडीत बोगदा करून राहतो. अस्वच्छतेचा आरोप मुलांवर करू नका. एकमेकांना चिकटून झोपल्याने पसरतो, स्वच्छ घरातही होतो.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना शाळेवर बोलवा. साधारणपणे पर्मेथ्रिन 5 टक्क्यांचं मलम देतात. ते लावण्यातच सगळी मेख आहे. पुळी दिसते तिथेच लावून उपयोग नाही. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांमधे, नखांच्या खाली, बेंबीत, काखेत, जांघेत, कुठेही कोरडी जागा सोडायची नाही. रात्री लावून सकाळी धुवायचं. हात धुतले तर हाताला परत लावायचं. आठवड्याने पुन्हा एकदा. अगदी लहान बाळ असेल तर डोक्यालाही लावायला सांगतात, ते डॉक्टरांना विचारून.

सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसलेल्यांनीही, तुम्हीही. कारण पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला काही आठवडे लागतात, तोवर मूल दुसऱ्याला देत राहतं. सकाळी चादरी, कपडे, टॉवेल गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाका. गोधड्या धुता येत नसतील तर प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. आणि मलम लावल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, म्हणून मुलांना रोज-रोज मलम चोळू नका. ज्याच्या पुळीत पू आहे त्याला आधी दाखवा. त्याला जंतूंचं वेगळं औषध लागेल, आणि त्यानंतर लघवी लाल किंवा कमी झाली, तोंड सुजलं तर ताबडतोब सांगा, मूत्रपिंडाला त्रास होतो त्याचं ते लक्षण असू शकतं.

गुरुजी, आणखी एक विनंती. मुलं रांगेत उभी असताना न खाजणाऱ्या चट्ट्याकडेही लक्ष ठेवा. फिका किंवा तांबूस डाग, न दुखणारा, आणि तिथे कापसाचा स्पर्श कळत नाही. खाजत नाही म्हणून तो कुणीच दाखवत नाही. कुष्ठरोग असेल तर सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो, हातापायाला सहसा काही होत नाही. उशीर झाला की नसा जाण्याचा धोका वाढतो.

ओझरचा वाचक

सिस्टर, वडिलांच्या छातीवर उजव्या बाजूला पाठीपासून पट्ट्यासारखे फोड आलेत, काल दिसले. त्याआधी बरगडीत आग आणि ठणका होता, आम्हाला हृदयाचं वाटलं, ईसीजी काढला, तो ठीक आला. घरात सगळे म्हणतात नागीण आहे, उतरवणाऱ्याकडे न्या, विळखा पूर्ण झाला तर माणूस हाताला लागत नाही. गेरू आणून ठेवलाय.

सिस्टर_नाशिकरोड

दादा, हे वाचताक्षणी निघा. नागीणच वाटतेय. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि वय झालं, ताकद कमी झाली की एका नसेच्या वाटेने बाहेर येतो. एक नस शरीराच्या एकाच बाजूला असते, म्हणून पट्टा मधल्या रेषेशी थांबतो. विळखा पूर्ण होत नाही तो या कारणाने, उतरवणाऱ्यामुळे नाही. आईवडिलांना ही भीती कुणी घातली असेल तर ती आधी काढा, दुखण्याइतकाच त्या भीतीनेही माणूस खचतो.

घाई वेगळ्या कारणासाठी आहे. विषाणूच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त फायदा देतात. म्हाताऱ्या माणसांत फोड सुकल्यावरही ठणका महिनोन्महिने राहतो, कपड्याचा स्पर्श सोसवत नाही. काल फोड आले म्हणताय, म्हणजे अजून वेळ आहे. गेरू लावू नका, खाली पू झाला तरी दिसत नाही आणि डॉक्टरांना खरवडून बघावं लागतं. फोड कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ असते तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडेही जायला सांगितलं असतं. फोड सुकेपर्यंत घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल, ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत, त्यांना लांब ठेवा.

ओझरचा वाचक

निघालो. ॲसायक्लोव्हिरच्या गटातली गोळी लिहून दिली, पहिली तिथेच घेतली. आई अजून काळजीत आहे, पण मधल्या रेषेचं तिला डॉक्टरांनीही दाखवलं. धन्यवाद.

उगावची सून

सगळ्यांना कळवते. काल नाशिकला जाऊन आलो. फवारणी पहाटे उरकली आणि दहाच्या आत निघालो, त्यामुळे मिस्टरांची कुरकुर कमी झाली. डॉक्टरांनी कानामागे बघितलं तेव्हा मिस्टर माझ्याकडे बघायला लागले. जांघेतलं थोडं खरवडून काचेवर घेतलं आणि तिथेच मायक्रोस्कोपखाली बघितलं, बुरशी निघाली. त्याला गोळ्या आणि साधं बुरशीचं मलम दिलंय. चेहऱ्याला आणि मानेला वेगवेगळी मलमं, किती दिवस आणि कशी कमी करायची ते कागदावर लिहून दिलंय. जुनी ट्यूब त्यांनी टाकून द्यायला सांगितली. बाग सोडा असं एका शब्दानेही म्हणाले नाहीत. फवारताना आणि गवताजवळ जाताना काय काय घालायचं तेवढं सांगितलं.

पुरळ जरा बसलं की पॅच टेस्टला बोलावलंय. पण ती नेमकी घड बुडवायच्या दिवसांत येईल. त्या जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या संजीवकाच्या, कामात घामाने पाठ ओली होते. तेवढे दिवस काम चालेल का?

सिस्टर_नाशिकरोड

नाही चालणार ताई. पट्ट्या पाठीवर असेपर्यंत पाठ कोरडी हवी. अंघोळ कमरेखालीच, वजन उचलणं नाही, घाम येईल असं काम नाही, पट्ट्या काढल्यावर पेनाच्या खुणा शेवटच्या तपासणीपर्यंत पुसू द्यायच्या नाहीत. ॲलर्जीच्या किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी डॉक्टरांना सांगा. टेस्टची तारीख फोन करून घड बुडवणं उरकल्यानंतरची मागून घ्या, तसं देतात. द्राक्षवाल्यांचे दिवस नाशिकच्या डॉक्टरांना माहीत असतात. तोपर्यंत त्या कागदावर लिहिलंय तसं मलम कमी करत आणा. बरं दिसलं म्हणून अचानक बंद नको आणि परत उठलं म्हणून मनाने वाढवणंही नको. पापण्यांना अजून सूज असेल, किंवा धूसर दिसत असेल, तर टेस्टची वाट न बघता आधी दाखवा.